हातात कॅमेरा दिसला म्हणजे आजार गेला असं नसतं

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मी भुसावळला राहते, घरी बसून मुद्रितशोधन आणि संपादनाचं काम करते, पुस्तकं, दिवाळी अंक, कधी कॉलेजवाल्यांचे प्रबंध, जे येईल ते. मला आमवात आहे, डॉक्टर ज्याला रुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात तो. आणि मला पक्ष्यांचे फोटो काढायचा नाद आहे. ह्या तिन्ही गोष्टी एकाच माणसाच्या असू शकतात हे लोकांना पटतच नाही, म्हणून हे पत्र.

एका प्रकाशकांना मी आधीच कळवलं होतं की बोटं सुजलीत, प्रुफं द्यायला उशीर होईल. त्यांचा फोन आला की मॅडम, फेसबुकवर तुमचे हतनूर धरणावरचे पक्ष्यांचे फोटो तर रोज दिसतात, तिथे जायला बरं जमतं तुम्हाला. पुढचं पुस्तक त्यांनी दुसरीकडे दिलं. काम कुणाला द्यायचं तो त्यांचा प्रश्न, पण आजार खरा की खोटा हे माझ्या फोटोंवरून ठरवलं ते फार लागलं मनाला. शेजारीपाजारी, नातेवाईक सगळ्यांचं तेच, "काय ताई, कालतं हात धरून बसल्या होत्या अन् आज कॅमेरा घेऊन चालल्या?" हो, काल धरून बसले होते आणि आज चालले. हा आजार असाच आहे.

त्याबद्दल जरा सांगते, कारण लोक त्याला "वय झालं, सांधे दुखणारच" ह्या खात्यात टाकून मोकळे होतात. वयानं सांधे झिजतात तो आजार वेगळा. ह्याच्यात शरीराची स्वतःची प्रतिकारशक्तीच सांध्यांच्या आतल्या अस्तरावर उलटते, ऐन तिशी-चाळिशीतही होतो, आणि बायकांना पुरुषांपेक्षा दोन-तीन पट जास्त. रोज सारखा नसतो. सकाळी बोटं आखडलेली असतात, तासभर, कधी त्याहून जास्त वेळ मूठच वळत नाही, मग हळूहळू सुटतात, एखादा आठवडा चांगला जातो आणि मग काही कारण नसताना भडकतो. मेथोट्रेक्सेटची गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते (ज्यांच्या घरात ही गोळी आहे त्यांनी पाकिटावर वार मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, चुकून रोज घेतली तर जिवावर बेततं), ती मी शनिवारी रात्री घेते, रविवार मळमळीत जातो पण सोमवारी टेबलाशी बसता येतं. दुसरी गोळी हायड्रॉक्सीक्लोरोक्विन, तिच्यासाठी डोळ्याचा पडदा ठरल्या वेळी तपासून घ्यावा लागतो, आणि माझं पोटही डोळ्यांवर आणि नादही डोळ्यांवर, त्यामुळे ती तपासणी मी चुकवत नाही.

आता कामाचं. प्रुफं वाचणं म्हणजे खुर्चीत बसून वाचन असं वाटतं ना लोकांना, पण जुन्या फॉन्टमधून युनिकोडला आणलेली फाईल आली की बघा, रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसलेला, जोडाक्षरं फुटलेली, पहिली वेलांटी भलतीकडेच, एकेका ओळीत चार-चार ठिकाणी कर्सर न्यायचा आणि दुरुस्त करायचं. माऊस मी सोडला, सगळं कीबोर्डच्या शॉर्टकटवर आणलं. कागदावरची प्रुफं असली तर पेनाला फोमची जाड नळी चढवते म्हणजे बोटं फार आवळावी लागत नाहीत. सकाळी डोकं ताजं असतं पण हात बंद असतात, म्हणून सकाळी नुसतं वाचायचं आणि शंका मोबाईलवर बोलून ठेवायच्या, अकरानंतर हात सुटले की दुरुस्त्या. मोठा मजकूर बदलायचा असेल तर बोलूनच टाइप करते, ऱ्हस्व-दीर्घ तेवढं नंतर नजरेखालून घालावं लागतं. हे बसवायला मला बराच काळ गेला, पण आता माझं काम कुणाहीपेक्षा कमी दर्जाचं नाही हे मी ठामपणे सांगते.

दिवाळी अंकांचं काम ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत अंगावर येतं. तेव्हा कॅमेरा घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसकट, पावसाळ्यात लेन्सला बुरशी धरते ना. अंक बाजारात गेले की मग माझे दिवस.

हतनूर म्हटलं की लोकांना तापीला पूर आल्यावर उघडलेले ते ४१ दरवाजे आठवतात, टीव्हीवर तेच दाखवतात. पण चांगदेवकडे, तापी-पूर्णेच्या संगमाच्या अंगाला जे बॅकवॉटर पसरलंय तिथे हिवाळ्यात काय गर्दी असते पाहुण्यांची! मोठी लालसरी, चक्रवाक, थापट्या, आणि हिमालय ओलांडून येणारे पट्टकदंब. फोटोग्राफी शिकवणारे सगळे सांगतात पहाटे जा, उजेड पहाटेचाच. पहाटे माझ्या बोटांना लेन्सचं टोपणसुद्धा चिमटीत दाबून काढता येत नाही, त्यात डिसेंबरची थंडी. म्हणून आम्ही दुपारी साडेतीनला पोचतो, हे गाडी चालवतात. हिवाळ्यात सूर्य तसाही खालून जातो, चारनंतर उजेड तिरपा होतो आणि चक्रवाकाचं अंग असं केशरी पेटतं की पहाटेचं दुःख राहत नाही. गाडीतून उतरायचंच नाही, पाखरं माणसाला बुजतात तेवढी थांबलेल्या गाडीला बुजत नाहीत. जुन्या जीन्सच्या पायाची पिशवी शिवून तिच्यात ज्वारी भरलीय, ती खिडकीच्या अर्ध्या काचेवर ठेवायची आणि तिच्यावर लेन्स, सगळं वजन पिशवीवर. फोकस अंगठ्याच्या बटणावर घेतलाय, फोटो केबल रिलीजनं, म्हणजे कॅमेऱ्याला जोडलेल्या वायरच्या टोकावरच्या बटणानं, काढते, तर्जनीला काम जवळजवळ नाहीच. जो फोटो बघून ते प्रकाशक बोलले, तो असा काढलेला होता.

आणि वाईट दिवसांत घरातच. आपल्या खान्देशात चाळीसगावला केकी मूस होऊन गेले, १९१२ ते १९८९, त्यांनी आयुष्याची पन्नासेक वर्षं स्टेशनजवळच्या आपल्या बंगल्यातच काढली, बाहेर फारसे पडलेच नाहीत, आणि घरातल्या साध्यासुध्या वस्तू टेबलावर मांडून असे फोटो काढले की जगभरातून बक्षिसं आली. त्यांचं घरात राहणं त्यांच्या मर्जीचं, माझं दुखण्यामुळे, तरी तो बंगला बघून आले तेव्हापासून घरात अडकलेला दिवस मला वाया गेल्यासारखा वाटत नाही. परवा भरताचं वांगं भाजलं, मोठं, हिरवट-पांढरं, आपल्याकडचंच. साल काळी पडून एका जागी तडकली आणि आतून वाफ आली, ओट्यामागच्या खिडकीतून ऊन येत होतं, उजेड परतवायला समोर थर्माकोलचा तुकडा उभा केला, कॅमेरा ट्रायपॉडवर आणि दोन सेकंदांचा टायमर. वाफेचा एकेक धागा आलाय फोटोत. त्या दिवशी मला कपबशी उचलता येत नव्हती.

आता मुद्द्याचं. घरून काम करणाऱ्याला आजारपणाची रजा नाही, पीएफ नाही, ईएसआय म्हणजे कामगार विमा नाही, हात चालले नाहीत तर त्या दिवसाचे पैसे नाहीत, वर बिल निघतं पुस्तक छापून झाल्यावर कधीतरी. माझी औषधं, रक्ताच्या तपासण्या, नाशिकच्या डॉक्टरांच्या फेऱ्या ह्याच पैशातून होतात. प्रकाशकांनी तारीख देताना मधे थोडे दिवस सैल ठेवले आणि प्रुफं हातात पडल्यावर महिन्याच्या आत पैसे दिले तर त्यांचं पुस्तक थांबत नाही, आमचं घर मात्र चालतं. उशीर झालाच तर मजकुराबद्दल बोला, कामाबद्दल बोला, मी संध्याकाळी कुठे होते ते काढू नका. आणि घरच्यांना, नातेवाइकांना सांगायचंय की "आधी बरी हो मग फोटो काढ" असं म्हणू नका हो. हा आजार आटोक्यात राहतो, पूर्ण बरा होऊन जात नाही, मग ते "मग" येणार कधी? माझे डॉक्टर स्वतः म्हणतात की हातपाय हलते ठेवा, मनाला आवडेल ते करा, दुखलं की थांबा. एवढं साधं आहे.

माझ्यासारखे घरून काम करणारे, लांबणारं दुखणं असलेले कितीतरी जण जळगाव, धुळे, नंदुरबारकडे असतील, शिवणकाम करणाऱ्या असतील, टायपिंग करणारे असतील, त्यांनीही आपलं वेळापत्रक कसं बसवलं ते तुमच्याकडे लिहून पाठवावं, मला वाचायला आवडेल. दिवाळी अंकांची कामं आता वाटायला लागतील, तेव्हा हे पत्र जमलं तर त्याच्या आधी छापा ही विनंती.

आपली,
एक मुद्रितशोधक, भुसावळ