जावाच्या किनाऱ्यावरची गावे केवळ भिंतीने वाचणार नाहीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

इंडोनेशियाच्या जावा बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर, पश्चिमेला बांतेनपासून पूर्वेला ग्रेसिकपर्यंत, सुमारे ५०० किलोमीटर लांबीची समुद्रभिंत बांधण्याचा संकल्प राष्ट्राध्यक्ष प्राबोवो सुबियांतो यांनी जाहीर केला आहे. खर्चाचा अंदाज ८० अब्ज डॉलरचा आहे आणि ऑगस्ट २०२५मध्ये या कामासाठी स्वतंत्र प्राधिकरणही नेमले गेले. या योजनेविषयी आपल्याकडे जे लिहिले जाते, त्यात समुद्र चढतो आहे आणि एक देश भिंत घालून त्याला अडवतो आहे, असेच चित्र उभे केले जाते. मी नोकरीनिमित्त मध्य जावातील सेमारांग शहरात राहतो आणि शहराला लागूनच असलेल्या देमाक जिल्ह्यातील मच्छीमार गावांशी माझा परिचय आहे. ही गावे मुख्यतः समुद्र वर आल्यामुळे बुडत नसून पायाखालची जमीन खाली गेल्यामुळे बुडत आहेत, आणि जमीन खचण्याची कारणे माणसाच्या हातातली आहेत, ही बाब मराठी वाचकांसमोर नीट यावी म्हणून हे पत्र लिहीत आहे.

देमाकचा किनारा मुळात गाळाने घडलेला आहे. पंधराव्या-सोळाव्या शतकात इथे जावातली पहिली मुस्लिम सल्तनत होती आणि देमाक हे बंदर होते. जावा आणि मुरिया डोंगराचा प्रदेश यांच्यामध्ये तेव्हा एक सामुद्रधुनी होती. नद्यांच्या गाळाने ती पुढे भरून गेली आणि बंदराचे शहर समुद्रापासून बरेच आत राहिले. जिथे निसर्गाने काही शतकांत समुद्राची जमीन केली, तिथेच गेल्या चाळीस वर्षांत जमिनीचा समुद्र झाला आहे. सायुंग तालुक्यातील तिंबुलस्लोको गावातली वयस्कर माणसे आज जिथे होड्या चालतात तिकडे बोट दाखवून इथे भाताची खाचरे होती, नारळ होते, असे सांगतात. ऐंशीच्या दशकात कोळंबीला सोन्याचा भाव आला. किनाऱ्यावरची कांदळवने तोडून त्या जागी बांध घातलेली तळी खोदली गेली. काही वर्षे पैसा आला, मग कोळंबीवर रोग पडला आणि तळी तोट्यात गेली. पण लाटांचा जोर मोडणारी झाडे तोवर संपली होती. तळ्यांचे बांध एकामागून एक फुटत गेले आणि समुद्र थेट घरांच्या ओटीवर आला. शेजारच्या बेदोनो गावातील तांबाकसारी आणि सेनिक या वाड्यांतली कुटुंबे स्थलांतरित झाली. सेनिकमध्ये एक कुटुंब मात्र हटले नाही. ते अजूनही भोवती तिवर आणि कांदळाची रोपे लावत तिथेच राहते. तांबाकसारीत एका धर्मगुरूची कबर चहूबाजूंनी पाण्याने वेढलेली आहे आणि भाविक समुद्रातल्या पायवाटेने तिथपर्यंत जातात.

समुद्राची पातळी आज जगभर सरासरीने वर्षाला चार ते पाच मिलिमीटर वाढते आहे. देमाक-सेमारांगच्या किनारपट्टीत काही ठिकाणी जमीन वर्षाला आठ सेंटिमीटरपेक्षाही अधिक खचते. म्हणजे समुद्र चढण्याच्या वेगाच्या पंधरा-वीस पट वेगाने जमीन उतरते आहे. हा सगळा नवा, भुसभुशीत गाळ असल्यामुळे तो आपल्या वजनानेही दबतो, हे खरे. पण इतक्या वेगाने तो दबतो याचे मोठे कारण खोल विंधणविहिरींतून होणारा भूजलाचा उपसा हे आहे. सेमारांगच्या पूर्वेकडील औद्योगिक पट्टा देमाककडे जाणाऱ्या महामार्गाला धरून वसलेला आहे. कारखान्यांना, वसाहतींना, हॉटेलांना पाणी लागते, नळाचे पाणी पुरत नाही आणि जमिनीखालचे पाणी स्वस्त पडते. शिवाय हे सांगितले पाहिजे की मच्छीमार गावेही पिण्यासाठी खोल विहिरींवरच अवलंबून आहेत, कारण चहूकडे खारे पाणी असताना त्यांच्यापुढे दुसरा मार्गच ठेवलेला नाही. हवामानबदलाचे संकट मी लहान मानत नाही. परंतु सगळा दोष त्याच्यावर टाकला की पंपांचा हिशेब कुणी विचारत नाही.

उधाणाच्या पाण्याला तिथे 'रोब' म्हणतात. तिंबुलस्लोकोमध्ये ते आता पाहुणा राहिलेले नाही. तिथले घर कसे असते ते थोडे सविस्तर सांगतो. मूळ फरशी केव्हाच पाण्याखाली गेलेली असते. तिच्यावर खांब ठोकून फळ्यांची जमीन केलेली असते आणि काही वर्षांनी पाणी फळ्यांना लागले की तीच जमीन आणखी वर उचलतात. भिंती आणि छप्पर मात्र तिथेच राहते. त्यामुळे मोठ्या माणसाला घरात वाकून वावरावे लागते, खिडकी गुडघ्याच्या उंचीवर येते आणि दाराची वरची चौकट कपाळाला लागते. छप्पर उचलायचे तर जो खर्च आहे तो एका हंगामाच्या कमाईत बसत नाही. घरांना जोडणारी लाकडी पायवाट गावकऱ्यांनी स्वतः बांधली आहे; मुले त्यावरून शाळेला जातात आणि त्याच वाटेच्या कडेला होड्या बांधलेल्या असतात. दफनभूमीही पाण्यात आहे. ज्या समाजात पूर्वजांच्या कबरींना भेट देणे हा वर्षाचा महत्त्वाचा दिवस असतो, त्या समाजाला हे किती लागते ते मी सांगण्याची गरज नाही.

मग लोक तिथे का राहतात, असा प्रश्न सहज विचारला जातो. त्याचे उत्तर म्हणजे त्यांचा धंदा तिथे आहे. तळी बुडाली तेव्हा अनेक तळेवाले नाइलाजाने मच्छीमार झाले. लहान इंजिनाच्या होड्या, जाळी, खेकड्यांचे सापळे आणि हिरव्या शिंपल्या गोळा करणे यावर आता गावाची चूल पेटते. डिसेंबर ते फेब्रुवारी या पश्चिमेच्या वाऱ्याच्या काळात लहान होडी बाहेर काढणे धोक्याचे असते आणि त्या महिन्यांत घरे उधारीवर चालतात. उधारी देणारी व्यक्ती बहुधा मासे विकत घेणारीच असते. तिने इंजिनाला, जाळ्याला, डिझेलला पैसे दिलेले असतात, म्हणून माल तिलाच, तिच्या भावाने द्यावा लागतो. सरकारी लिलावगृहे आहेत, मोरोदेमाकला मासेमारी बंदरही आहे. पण कर्जात बांधलेल्या होडीचा माल लिलावापर्यंत पोहोचत नाही. निळ्या खेकड्यांचे उदाहरण घ्या. बोनांग तालुक्यातील बेताहवालांग हे गाव त्यासाठी ओळखले जाते. सापळ्यातून निघालेले खेकडे उकडून, स्त्रियांच्या हातांनी सोलून, मांसाची प्रतवारी होऊन डबाबंद माल मुख्यतः अमेरिकेला जातो. कवच दहा सेंटिमीटरपेक्षा कमी असलेला किंवा अंडी असलेला खेकडा पकडू नये असा नियम २०१५पासून आहे. नियम योग्यच आहे; मात्र ज्याच्या डोक्यावर कर्ज आहे त्याला सापडलेला लहान खेकडा समुद्रात परत सोडणे किती अवघड जाते, याचा विचार नियम करणाऱ्यांनी केलेला दिसत नाही.

स्त्रियांविषयी वेगळे लिहिले पाहिजे. देमाकच्या किनाऱ्यावर नवऱ्याबरोबर होडीत बसून जाळे टाकणाऱ्या स्त्रिया आहेत, कारण खलाशी ठेवणे परवडत नाही. तरीही त्यांच्या ओळखपत्रावर व्यवसायाच्या रकान्यात 'गृहिणी' असेच लिहिलेले असते. मच्छीमार, मत्स्यशेतकरी आणि मिठागरातील उत्पादक यांच्या संरक्षणासाठी इंडोनेशियाने २०१६मध्ये कायदा केला. विमा आणि साहाय्य मिळण्यासाठी मात्र आपण मच्छीमार आहोत हे कागदावर सिद्ध करावे लागते. २००५मध्ये स्थापन झालेल्या 'पुस्पिता बहारी' या देमाकमधील मच्छीमार स्त्रियांच्या संघटनेने या रकान्यासाठी चिकाटीने झगडून काही स्त्रियांची नोंद बदलून घेतली. माझ्या मते गेल्या वीस वर्षांत या किनाऱ्यावर झालेल्या कामांपैकी हे सर्वांत मोलाचे आहे, कारण वादळात होडी गेली तर त्या नोंदीवरच घर उभे राहते.

याच किनाऱ्यावर भिंतीखेरीज दुसरा उपाय करून पाहिला गेला आहे, हे आपल्याकडे फारसे कुणाला ठाऊक नाही. २०१५पासून काही वर्षे डच आणि इंडोनेशियन संस्थांनी तिथल्या सरकारी खात्यांबरोबर देमाकच्या सुमारे वीस किलोमीटर किनाऱ्यावर निसर्गाच्या साहाय्याने किनारा परत मिळवण्याचा प्रकल्प राबवला. समुद्रात खांबांच्या दोन समांतर रांगा रोवायच्या, मधल्या जागेत झाडांच्या फांद्या आणि काटक्या दाबून भरायच्या आणि वरून जाळीने बांधून टाकायच्या, अशी ती कुंपणे होती. त्यातून पाणी आरपार जाते, लाटेचा जोर मात्र मोडतो आणि पाण्याबरोबर आलेला गाळ कुंपणाच्या मागे बसतो. गाळ पुरेसा वर आला की तिवराचे बी आपोआप वाहत येऊन रुजते. रोपे लावण्याचे समारंभ करावे लागत नाहीत. अशी ३.४ किलोमीटरची कुंपणे झाली. तळेवाल्यांसाठी शेतीशाळा भरवल्या गेल्या, आणि तळ्याचा काही भाग खाडीकडच्या कांदळवनासाठी सोडून उरलेल्या भागात अधिक उत्पन्न काढता येते, हे अनेकांनी स्वतः करून पाहिले. संयुक्त राष्ट्रांनी २०२२मध्ये जगभरातून निवडलेल्या दहा आदर्श पुनरुज्जीवन प्रकल्पांत याचा समावेश केला. पण जिथे जमीन फार वेगाने खचते, तिथे जितका गाळ साचतो त्यापेक्षा तळ अधिक खाली जातो. काटक्यांच्या कुंपणाचे हेच होते, तर काँक्रीटच्या भिंतीचे वेगळे काय होणार? खचणाऱ्या जमिनीवरची भिंतही जमिनीबरोबर खचते. ती पुन्हा पुन्हा उंच करावी लागते आणि आतले पाणी कायम पंपाने उपसावे लागते. २३ मे २०२२ रोजी सेमारांगच्या तांजुंग एमास बंदरातील बांध फुटून कारखान्यांचा परिसर पाण्याखाली गेला, तेव्हा कंबरभर पाण्यातून बाहेर पडणाऱ्या कामगारांची दृश्ये सगळ्यांनी पाहिली आहेत.

जमीन खचणे थांबवता येत नाही, हे म्हणणे खरे नाही. टोकियोच्या पूर्वेकडील सखल भागात विसाव्या शतकात काही ठिकाणी जमीन चार मीटरहून अधिक खाली गेली होती. १९५६चा औद्योगिक पाण्याविषयीचा कायदा आणि त्यानंतरचे निर्बंध यांनी उपशावर बंधन आले, कारखान्यांना नदीचे पाणी पुरवले गेले आणि सत्तरच्या दशकापासून खचणे जवळजवळ थांबले. सेमारांगलाही याची सुरुवात झाली आहे. शहराच्या पश्चिम भागासाठी जातिबारांग धरणाचे सेकंदाला १००० लिटर पाणी शुद्ध करून देणारी योजना २०२१मध्ये सुरू झाली. पूर्वेकडे, म्हणजे सायुंगच्या दिशेने, जिथे गरज सर्वाधिक आहे, तिथे हेच काम त्याच तातडीने व्हायला हवे. कितीही लांब जलवाहिनी टाकली तरी तिचा खर्च ८० अब्ज डॉलरच्या आसपासही जाणार नाही.

भिंतीचा एक नमुना सायुंगमध्ये आधीच उभा राहतो आहे. सेमारांग-देमाक द्रुतगती मार्गाचा सायुंग ते देमाक हा टप्पा फेब्रुवारी २०२३मध्ये सुरू झाला. सेमारांगकडचा टप्पा बांबूच्या चटयांचे थर गाळात घालून त्यावर समुद्रातून बांधला जात आहे आणि तोच सागरी बांधाचेही काम करणार आहे. शहराला आणि कारखान्यांना त्याचा लाभ होईल. बेदोनो आणि तिंबुलस्लोको मात्र बांधाच्या समुद्राकडच्या बाजूला राहतात आणि अडवलेले पाणी आता आपल्याकडे वळते, अशी तिथल्या लोकांची तक्रार आहे. याहून गंभीर प्रश्न मालकीचा आहे. इंडोनेशियाच्या कायद्यात पाण्याखाली गेलेली जमीन 'नष्ट' ठरवता येते. एकदा तसे ठरले की, आपल्या भाषेत सांगायचे तर, सातबाऱ्यावरून मालकाचे नाव पुसले जाते आणि त्याला बाजारभावाने मोबदला न मिळता अनुकंपा म्हणून त्याचा काही अंश मिळतो. ज्याचे तळे दुसऱ्यांच्या पंपांमुळे बुडाले, त्याचा हक्क बुडाल्यामुळेच संपतो. आणि पुढे त्याच जागेवर भराव घालून रस्ता किंवा वसाहत झाली तर तिची वाढलेली किंमत दुसऱ्याच्या पदरात पडते. यात न्याय कुठे आहे, हे मला आजवर समजलेले नाही.

गावातली तरुण मुले-मुली सायुंग आणि सेमारांगच्या कारखान्यांत जातात. महिन्याचा निश्चित पगार मिळतो, त्यात गैर काही नाही. ज्या कुटुंबात एक जण कारखान्यात आणि एक जण होडीवर आहे ते कुटुंब पश्चिमेच्या वाऱ्याचे महिने कर्ज न काढता निभावून नेते, असेही दिसते. ज्यांना उठून जायचे आहे त्यांना रस्त्याला धरून जागा आणि घर मिळावे. परंतु ती जागा होडी बांधण्याच्या ठिकाणापासून इतकी दूर नसावी की मासेमारीच सोडावी लागेल. पूर्वी स्थलांतरित झालेल्यांपैकी अनेकांना हीच अडचण आली. ज्यांना राहायचे आहे त्यांना नळाचे पाणी आधी मिळावे.

नव्या प्राधिकरणाचे आराखडे अजून पक्के व्हायचे आहेत, म्हणून बोलण्याची वेळ आताच आहे. भिंतीत होड्यांना ये-जा करायला किती ठिकाणी वाट ठेवणार, भिंतीबाहेर राहणाऱ्या गावांची नावे कोणती, सायुंगमधील खोल विहिरी कोणत्या वर्षापर्यंत बंद करणार आणि त्याआधी पर्यायी पाणी कुठून आणणार, बुडालेल्या तळ्यांवरचा मालकी हक्क टिकणार की नाही, या प्रश्नांची लेखी उत्तरे पहिला खांब रोवण्यापूर्वी मच्छीमारांच्या आणि मच्छीमार स्त्रियांच्या संघटनांना मिळाली पाहिजेत. या भिंतीसाठी परदेशी भांडवल मागितले जात आहे. जिथून ते येईल तिथल्या वृत्तपत्रांनीही हेच विचारावे. आपल्या पत्राने या विषयावर पुढे लिहिताना भिंतीच्या लांबी-उंचीबरोबर सायुंगच्या विहिरींचीही चौकशी करावी, अशी विनंती आहे.

कळावे,
आपला विश्वासू,
एक मराठी वाचक, सेमारांग (इंडोनेशिया)