बाबा, डोळ्यात गेलेल्या कणाचं नक्की सांगा

ती. आई-बाबांस,
सा. न.

बाबा, "एमआरआयला ते औषध टोचून घेणार नाही, किडनीचं आधीच काय उरलंय" म्हणून तुम्ही काल फोन आईकडे दिलात. तुमची भीती खोटी नाही. एमआरआयचं चित्र उजळ यावं म्हणून देतात ते गॅडोलिनियमचं इंजेक्शन आणि किडनी निकामी झालेल्यांची कातडी कडक होण्याचा आजार यांचा संबंध २००६ मध्ये लक्षात आला. आताची औषधं पुष्कळ सुरक्षित आहेत, तरी ईजीएफआर, म्हणजे किडनी किती काम करते ते सांगणारा आकडा, ३० च्या खाली असला की आम्हीही जपूनच असतो. पण चिठ्ठीचा फोटो मी नीट पाहिला. तुमच्या मानेच्या आणि मेंदूच्या रक्तवाहिन्या बिनइंजेक्शनच्याच बघायच्या आहेत.

रोपलावणीच्या वेळी वाफ्यातलं पाणी तुडवून गढूळ होतं आणि पाटानं नवं पाणी शिरलं की त्याची वाट बांधावरूनही दिसते, तसंच हे. मशीन एकाच जागी लागोपाठ लहरी सोडतं. जागच्या जागी असलेलं मांस त्यांनी थकतं, काळपट दिसतं. बाहेरून वाहत आलेलं रक्त ताजं असतं, ते उजळ दिसतं. तुमचं वाहतं रक्तच शाईचं काम करतं. एक्स-रे नाही, सुई नाही.

एक खोट आहे. वाहिनी अरुंद असते तिथं रक्त भोवऱ्यासारखं फिरतं, चमक जाते आणि अडथळा आहे त्याहून मोठा दिसू शकतो. रिपोर्ट वाचून घाबरू नका. गरज पडली तर डॉक्टर डॉपलरनं, म्हणजे रक्ताचा वेग दाखवणाऱ्या सोनोग्राफीनं, पडताळतील.

आता मुख्य गोष्ट. उद्यमबागेत लेथवर असताना तुमच्या डोळ्यात लोखंडाचा कण गेला होता. मी तेव्हा चौथीत होते, तुमची पट्टी अजून आठवते. हे तिथं सांगाच. कण आत राहिला असेल तर एमआरआय मशीनच्या चुंबकानं हलून डोळा जाऊ शकतो. ते आधी डोळ्यांचा एक्स-रे काढतील, काढू द्या. फॉर्म कानडीत असला तर नुसती सही करू नका, प्रत्येक प्रश्न विचारून घ्या.

आत खूप ठणठणाट होतो. मान हलवू नका, शक्यतो आवंढाही गिळू नका.

आई, जीभ पुन्हा अडखळली किंवा तोंड वाकडं झालं, तर दहा मिनिटांत बरं वाटलं तरी तपासणीच्या तारखेची वाट बघू नकोस. तडक दवाखान्यात ने, मग मला फोन कर.

मी बुधवारी रात्री निघते. स्कॅनला मीच सोबत असेन.

तुमची,
ताई