अर्धेच छापलेले सॅन फ्रान्सिस्को

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

सॅन फ्रान्सिस्कोच्या १९०६ च्या भूकंपावरचा आपल्या रविवार पुरवणीतला लेख वाचनीय होता. सोबतचे सिटी हॉलचे छायाचित्र मात्र अर्धेच छापले गेले आहे. वरची कमानदार कड पाहताच कळते, की ते स्टिरिओग्राफचे, म्हणजे जोडचित्राचे, एक अंग आहे. जोडचित्रात एकाच दृश्याची किंचित वेगळ्या जागांवरून घेतलेली दोन छायाचित्रे शेजारी असतात; डावे डाव्या आणि उजवे उजव्या डोळ्याने पाहिले की दृश्याला खोली येते. अंडरवुड अँड अंडरवुड, कीस्टोन, एच. सी. व्हाइट या कंपन्यांनी त्या उद्ध्वस्त शहराची अशी कार्डे काढून विकली होती.

दुसरे अंग वगळल्याने नुकसान काय होते, ते याच चित्रात दिसते. एकट्या चित्रात घुमटाखालचा पोलादी सांगाडा, उरलेले खांब आणि पुढचा ढिगारा एकमेकांना चिकटतात. दोन्ही अंगे एकत्र पाहिली की सांगाडा सुटा होतो आणि त्यावरचे बांधकाम कुठून निखळले ते समजते. ही पडझड १८ एप्रिलच्या पहाटे ५.१२ च्या धक्क्याची. आगीने पुढचे तीन दिवस शहर जाळले, ते नंतर. विमा आगीचा होता, भूकंपाचा नव्हे, त्यामुळे हा फरक तेव्हा लाखमोलाचा होता.

जोडचित्राला जागाही फार लागत नाही. मूळ कार्ड साधारण ३.५ × ७ इंचांचे. त्यात एकच बिंदू दोन चित्रांत जिथे दिसतो त्या दोन जागांमधले अंतर तीन इंचांच्या आसपास असते. स्टिरिओस्कोपची, म्हणजे अशी कार्डे पाहण्याच्या दुर्बिणीवजा उपकरणाची, भिंगे नजर वळवतात म्हणून ते चालते. नुसत्या डोळ्यांनी पाहायचे तर हे अंतर ६० मिमीच्या आत हवे, कारण डोळे बाहेरच्या बाजूला फाकत नाहीत. प्रत्येक चित्र ५८ मिमी रुंद, मधे २ मिमी फट, एकूण १२ सेंमीही नाही.

चुका होतात त्या मांडणीत. दोन्ही अंगे एकाच मापाने कापावीत आणि उंचीत तंतोतंत जुळवावीत. एका मिलिमीटरचा फरकही डोळ्यांना टोचतो. उजेड-काळोख एकाचाच सुधारू नये. डावे-उजवे उलटले तर ढिगारा मागे आणि इमारत पुढे दिसते. पडताळा सोपा आहे: डाव्या चित्रात जवळचा दिव्याचा खांब मागच्या इमारतीच्या तुलनेत अधिक उजवीकडे असायला हवा. दोन्ही चित्रे लाल-निळ्या रंगांत एकमेकांवर छापून रंगीत चष्म्यातून पाहण्याच्या भानगडीत पडू नये. वृत्तपत्री कागदावर शाईचे ठसे जरा सरकले की दुहेरी प्रतिमा दिसते, आणि चष्मा असतो कुणाकडे?

निवड करताना शहरातल्या नॉब हिल या टेकडीवरून घेतलेले दूरचे देखावे टाळावेत. कॅमेऱ्याच्या दोन भिंगांतले अंतर जेमतेम काही इंच, त्यामुळे शे-दोनशे मीटरपलीकडे खोलीचा आभास जवळपास उरतच नाही. पुढ्यात विटांचा ढीग किंवा वाकलेले रूळ असलेले कार्ड घ्यावे. (जॉर्ज लॉरेन्सने पतंगांना कॅमेरा टांगून घेतलेले प्रसिद्ध विहंगम चित्र जोडचित्र नाही, तेव्हा त्याचा उपयोग नाही.)

लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावर अशी कार्डे मोठ्या आकारात मोफत उतरवून घेता येतात. पूर्ण कार्डाची प्रत घ्यावी. पुठ्ठ्याच्या कडेवरचे प्रकाशकाचे नाव आणि चित्राची ओळख देणारी ओळ कापली, की चित्र कुणाचे, कुठले, हे ठरवणे अवघड होते. सिटी हॉलचे ते कार्ड पुढच्या पुरवणीत दोन्ही अंगांसह छापावे, ही विनंती.

आपला,
एक वाचक, पुणे