मुग्धास, नाओशिमाहून

होनमुरा, नाओशिमा
शनिवार, रात्री साडेनऊ

चि. मुग्धा,
अनेक आशीर्वाद.

संध्याकाळी फोनवर सगळं तुझी आईच बोलली, मला फक्त 'हो, जेवलो' एवढंच म्हणायला मिळालं. आता ती झोपलीय, म्हणून लिहायला बसलो. तुला ऑफिसनं ऐन वेळी अडकवलं, त्यामुळे आम्हा दोघांना एकटं पाठवताना तुझा जीव खालीवर होत होता, ते कळत होतं. पण जपानात आम्ही कुठेही हरवलो नाही. उनो बंदरातून बोटीत बसलो आणि वीस मिनिटांत नाओशिमा बेटाचं बंदर, मियानोउरा, आलं. आईनं भडंगाची पुडी सोडेपर्यंत उतरायची घाई झाली.

बंदरावरचं छप्पर बघून मी तिथंच थांबलो. सपाट, कागदासारखं पातळ, आणि त्याखाली कॉलम म्हणावेत तर पडद्याच्या रॉडएवढे बारीक. पस्तीस वर्षं कॉलम भरले मी. एवढ्या बारीक कॉलमवर एवढं छप्पर बघितलं की पोटात गोळाच येतो. आई मात्र शेजारच्या लाल भोपळ्यात शिरून बसली होती. यायोई कुसामा या जपानी कलाकार बाईंचा तो. पिवळा भोपळा बेटाच्या दक्षिणेला, समुद्रात घुसलेल्या धक्क्यावर आहे. तो १९९४ सालचा. २०२१ च्या ऑगस्टात वादळानं समुद्रात ओढून नेला, तो ऑक्टोबर २०२२ मध्ये नव्यानं घडवून बसवला. फोटोसाठी ही रांग! आई म्हणाली, एवढ्या भोपळ्याचे घारगे केले तर अख्खी सांगली जेवेल. भोपळ्याबद्दल माझं याहून वेगळं मत नाही.

चिचू म्युझियमची वेळ तू आधीच घेऊन ठेवली होतीस, ते बरं केलंस. दारातून काहीजणांना परत जाताना पाहिलं. 'चिचू' म्हणजे जमिनीच्या पोटात, हे तू सांगितलं होतंस, पण मला वाटलं, म्हणायची रीत असेल. खरंच सगळी इमारत टेकडीच्या आत आहे. बाहेरून दिसायला काहीच नाही. २००४ साली टेकडी खोदून बांधली आणि वर पुन्हा झाडी केली. आपल्याकडं एखाद्या मालकाला सांगून बघ की तुमची इमारत कुणाला दिसणार नाही. बिलाचा दुसरा हप्ता मिळायचा नाही.

आत गेलो आणि मी चित्रंबित्रं विसरलो. भिंतीच बघत राहिलो.

तुला हे लिहिणं म्हणजे गवंड्याला विटा दाखवणं आहे, पण लिहितो. या इमारतीचा आर्किटेक्ट तादाओ आंदो. त्याच्या भिंतीवर काँक्रीट ओतायच्या साच्यातला (आपलं सेंट्रिंग) प्लायचा प्रत्येक तक्ता उठून दिसतो. तीन फूट बाय सहा फूट, तातामी चटईच्या मापाचा. प्रत्येकात सहा भोकं. ती भोकं कसली ते मला कुणी सांगायला नको. दोन बाजूंचं सेंट्रिंग धरून ठेवायला आरपार जो रॉड जातो, त्याची. आपण ती मसाल्यानं बुजवतो, वर गिलावा फिरवतो, विषय संपला. इथं ती भोकंच नक्षी झालीत. एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत मी डोळा लावून बघितलं. एक भोक ओळीबाहेर नाही. कोपऱ्याची धार अशी की बोट कापेल. मी तळवा फिरवला तर आई मागून, "अहो, हात नका लावू, म्युझियम आहे!" रेशमासारखं लागतं गं काँक्रीट. म्हणजे प्लाय कोरा करकरीत, सांध्यातून थेंबभर सिमेंटचं पाणी गळालेलं नाही, आणि काँक्रीट घट्ट बसवायचं यंत्र, व्हायब्रेटर, धरणारा माणूस एक क्षणही दुसरीकडं बघत नव्हता. नाव आंदोचं झालं, ते व्हायलाच हवं. पण मला सारखा तो व्हायब्रेटरवाला आठवत होता.

हा आंदो आधी बॉक्सिंग करायचा आणि आर्किटेक्चरच्या कॉलेजात कधी शिकलाच नाही, हे तू सांगितलंस तेव्हा मला तुझी पाच वर्षांची फी आठवली होती. आर्किटेक्चरमधलं सगळ्यात मोठं बक्षीस, प्रित्झकर, १९९५ चं मिळालं त्याला. असो.

मोने या फ्रेंच चित्रकाराच्या खोलीत बूट काढून सपाता घालायच्या. पाच चित्रं, सगळी कुमुदिनींची. सर्वात मोठं दोन मीटर उंच, सहा मीटर लांब. दिवा एकही नाही, वरून जो उजेड झिरपेल तेवढाच. खाली दोन सेंटिमीटरचे पांढऱ्या संगमरवराचे ठोकळे, सात लाख! बसवणाऱ्याच्या गुडघ्यांचा विचार करत मी उभा होतो, तेवढ्यात ढग आला असावा. खोली करडी झाली आणि चित्रातलं पाणी एकदम खोल गेलं. आई माझ्या बाहीला धरून हळूच म्हणाली, "सांज झाली बघा तळ्यात." बाहेर सकाळचे साडेअकरा वाजले होते. मला चित्रातलं कळत नाही, पण ते पाणी खोल जाताना मी पाहिलं.

वॉल्टर डी मारिया या शिल्पकाराच्या दालनात पायऱ्यांच्या मध्यावर काळ्या ग्रॅनाइटचा गोळा आहे, जवळजवळ सव्वादोन मीटरचा, आणि भिंतींवर सोन्याचा वर्ख दिलेले लाकडी खांब. आईनं नकळत हात जोडले. शाळिग्रामच वाटला तिला. उजेडाचीच कला करणाऱ्या जेम्स टरेलच्या निळ्या खोलीत मात्र माझी फजिती झाली. समोर निळी भिंत दिसत होती. तिथली मुलगी म्हणाली, आत या. भिंतीत कसं जाणार? मी हात पुढं केला, तर भिंतच नाही, नुसता उजेड! आयुष्यभर ओळंबा धरलेल्या माणसाला असं फसवायचं म्हणजे काय.

जेवणाचं विचारू नकोस. सगळ्यात मासळीचं पाणी. आईनं आंबट बोराच्या लोणच्याचा भाताचा गोळा खाल्ला, वर आपलं भडंग.

दुपारी होनमुरात हिंडलो. जुनी लाकडी घरं, भिंतींना जाळून काळ्या केलेल्या फळ्या. लाकूड आधीच जाळलं की कीड लागत नाही म्हणे. ही गल्ली आईला म्युझियमपेक्षा आवडली. कादोया नावाच्या घरात अंधाऱ्या पाण्यात आकडे लुकलुकतात, १२५. १९९८ साली प्रत्येक आकड्याचा वेग गावातल्या एकेका माणसानं ठरवला. आई म्हणाली, यातला भराभर पळणारा तुमचा. इथं येणारे सगळे दक्षिणेकडं कला बघतात, पण बेटाच्या उत्तरेला १९१७ पासून तांब्याची भट्टी आहे. तिच्या धुरानं एकेकाळी डोंगर बोडके झाले होते. ते कळल्यावर मला हे गाव जास्त खरं वाटलं.

शेवटी आंदो म्युझियम. शंभर वर्षांचं लाकडी घर, बाहेरून तसंच ठेवलेलं, आणि पोटात काँक्रीट. जुन्या तुळईखाली ती करडी भिंत उभी. आई बाकावर टेकली आणि मी तिथं बराच वेळ उभा राहिलो. आता ज्यासाठी लिहायला बसलो ते लिहितो.

तू तिसऱ्या वर्षाला असताना आपल्या हॉलच्या भिंतीचं ड्रॉइंग काढलं होतंस. काँक्रीटची, गिलाव्याशिवायची. मी तशी भरली. तू सबमिशनला होस्टेलवर गेलीस आणि परत आलीस तेव्हा भिंतीवर गिलावा आणि पिस्ता रंग. मी म्हणालो, लोक म्हणतील काँट्रॅक्टरकडं गिलाव्याला पैसे नाहीत. तू दोन दिवस बोलली नाहीस.

ते कारण खोटं होतं. भरताना व्हायब्रेटर मध्येच बंद पडला. दुसरा आणायला मी माणूस पाठवला नाही, कारण संध्याकाळ झाली होती आणि मजुरांचा ओव्हरटाइम चढत होता. सळईनं खुपसून भागवलं. सेंट्रिंग काढलं तर खाली खडी उघडी, मधाच्या पोळ्यासारखी. तुला ती दाखवायची लाज वाटली. स्वतःच्या घराचं काम, आणि ते असं. त्याच रात्री मिस्त्रीला बोलावून बुजवून घेतली.

उद्या शेजारच्या तेशिमा बेटावरचं म्युझियम बघायला जातोय. मातीचा ढिगारा करून त्यावर काँक्रीट ओतलं आणि नंतर खालची माती उपसून काढली, असं तू म्हणालीस. चाळीस बाय साठ मीटर, जाडी पंचवीस सेंटिमीटर, कॉलम एकही नाही. डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी मानणार नाही.

दिवाळीला घरी आलीस की हॉलच्या भिंतीवर टकटक करून बघ. टीव्हीच्या डाव्या बाजूला, गुडघ्याच्या उंचीवर आवाज पोकळ येतो. आईला यातलं काही माहीत नाही.

तुझा,
बाबा