चवथीच्या साफसफाईत आधी तळ उलटून बघा

संपादक महोदय,

चवथ जवळ आली की आमच्याकडे घरं साफ करायला काढतात आणि माळ्यावरचं निम्मं सामान भंगारवाल्याच्या टेम्पोत जातं, म्हणून हे पत्र. माझे मामा तारवटी होते, बोटीवरून सुट्टीला येताना त्यांनी गोथेनबर्गहून आजीला एक हिरवी फुलदाणी आणली होती, अंगावर चांदीचा मासा. दर चवथीला ती देवाच्या भांड्यांबरोबर राखेने घासली जायची, मी मोठा होईपर्यंत माशाची शेपटी पार उडाली होती. एकदा सहज उलटी केली तर तळाला नांगराचा शिक्का आणि नाव, गुस्ताव्हसबर्ग, आर्जेन्टा! गुस्ताव्हसबर्ग हा स्वीडनचा चिनीमातीच्या भांड्यांचा कारखाना १८२५ पासूनचा, तिथले डिझाइनर विल्हेल्म कोगे यांनी १९३० च्या स्टॉकहोम प्रदर्शनात आर्जेन्टा हा हिरव्यावर चांदीच्या नक्षीचा प्रकार आणला. चांदी हवेतल्या गंधकाने काळी पडतेच, आपल्या पावसात तर लवकरच, पण घासू नका हो, मऊ कापडाने हलकं पुसलं तरी पुरतं.

त्या एका फुलदाणीपायी मी हा नाद धरला. आज कपाटात ११ नग आहेत आणि त्यात सगळ्यात लाडकी बर्न्ट फ्रिबर्गची, जेमतेम दोन इंचांची. तपकिरी ग्लेझमध्ये, म्हणजे वरच्या काचेसारख्या लेपात, सशाच्या केसांसारख्या बारीक रेघा खाली उतरतात, बोट फिरवलं की रेशीम लागल्यासारखं वाटतं. हा माणूस १९३४ मध्ये गुस्ताव्हसबर्गला आला तो चाकावर बसणारा कारागीर म्हणून, दुसऱ्यांच्या डिझाइनची भांडी घडवायचा, पुढे स्वतःची घडवायला लागला आणि तळाला स्वतःचं नाव आलं.

आता आमची डिचोलीची मडकी बघा. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मी दरवेळी एखादं उचलतो, काय सुंदर गोलाई असते, पण कोणी घडवलं ते कुठेच नाही, विकणारीला विचारलं तर "आमच्या वाड्यावरचं" एवढंच सांगते. सरकारच्या हस्तकला खात्याने प्रत्येक कुंभाराला त्याच्या नावाचा साधा लाकडी ठसा करून द्यावा, माती ओली असताना तळाला दाबला की झालं, खर्च तो काय.

आणि ज्यांच्या घरी कुणा तारवट्याने आणलेलं असं काही पडून असेल त्यांनी टेम्पो दारात यायच्या आधी ते उलटं करून बघावं, नांगर दिसला, किंवा डेन्मार्कच्या रॉयल कोपनहेगनच्या तीन लाटा दिसल्या, तर ते बाजूला ठेवा.

आपला,
एक संग्राहक, म्हापसा