आमच्या पन्हळीच्या मिस्त्रींस, आभारपूर्वक

मिस्त्री, सप्रेम नमस्कार.

पन्हळीचं काम करणारे बहुतेक जण जोड बघतात. तुम्ही आधी पाणी कुठून कुठे जातं ते बघितलंत, त्याबद्दल हे आभाराचं पत्र. उघड अशासाठी, की तांबं, ॲल्युमिनियम आणि जी.आय. (जस्ताचा मुलामा दिलेलं लोखंड) एकाच छपरावर बसवणाऱ्या इतरांनाही ते वाचता यावं.

वरची तांब्याची पन्हळ खालच्या ॲल्युमिनियमच्या पन्हळीत सोडायची आणि मध्ये रबर घालायचं, असा मूळ बेत होता. दोन वेगळे धातू, त्यांचा एकमेकांना स्पर्श आणि दोघांना भिजवणारं पाणी एकत्र आलं, की त्यातला जास्त क्रियाशील धातू (इथे ॲल्युमिनियम किंवा जस्त) झिजतो. रबराने स्पर्श तुटतो, हे खरंच. पण तांब्यावरून वाहणारं पाणी विरघळलेलं तांबं सोबत आणतं. ते ॲल्युमिनियमवर किंवा जस्तावर जाऊन बसतं आणि तिथे पत्र्याला बारीक बारीक खड्डे पडून शेवटी भोकं होतात. कुठेही स्पर्श नसताना! म्हणून तुम्ही तांब्याचं पाणी वेगळ्या पीव्हीसी पाइपने थेट खाली उतरवलंत. उलट, ॲल्युमिनियमचं पाणी तांब्यात पडलं तर ही पंचाईत नसते, नुसता स्पर्श तोडला तरी भागतं.

तांब्याच्या पन्हळीला जी.आय. स्क्रू लावू दिले नाहीत, तेही बरोबरच. तांब्याचा पत्रा मोठा आणि स्क्रू एवढासा, त्यामुळे सगळी झीज त्या स्क्रूवर येते: आधी जस्त जातं, मग लोखंड. ॲल्युमिनियममध्ये स्टेनलेसचा स्क्रू मात्र चालतो, कारण तिथे झिजणारा धातू मोठा असतो आणि झीज पसरून नगण्य होते. तरी प्रत्येक डोक्याखाली ईपीडीएम रबराचा वॉशर हवाच. पॉप रिव्हेटची, म्हणजे आतली खिळी ओढून घट्ट बसवायच्या पोकळ रिव्हेटची, खोच तर फार कमी जणांना ठाऊक असते. ॲल्युमिनियमच्या रिव्हेटमधली खिळी पुष्कळदा लोखंडी असते. तिचं तुटलेलं टोक आत राहतं आणि गंजतं. तुम्ही खिळीही ॲल्युमिनियमची असलेले रिव्हेट आणलेत.

सगळ्यात जास्त आभार जी.आय. ब्रॅकेटच्या कामाचे. ब्रॅकेट आणि पन्हळीमध्ये रबराची पट्टी घालून लोक मोकळे होतात, पण बोल्ट दोन्हींमधून आरपार जातो आणि तोडलेला स्पर्श पुन्हा जोडतो. तुम्ही भोक मोठं करून त्यात नायलॉनचा बुश (बोल्टभोवती बसणारी छोटी नळी) बसवलात, दोन्ही बाजूंना नायलॉनचे वॉशर दिलेत आणि जोड कोरडा असताना मल्टिमीटर बीपवर ठेवून एक टोक पन्हळीला, दुसरं ब्रॅकेटला लावलंत: बीप वाजला, म्हणजे कुठेतरी धातूचा स्पर्श राहिलाय. तेही एकेक ब्रॅकेट बसवता बसवता. सगळे बसल्यावर बीप वाजला तर दोषी कोणता ते कळत नाही.

जोडाजवळ रंग तांब्यालाही दिलात, याचं कुणालाही नवल वाटेल. फक्त ॲल्युमिनियम रंगवलं आणि त्या रंगाला ओरखडा गेला, तर सगळी झीज त्या ओरखड्यावर एकवटते. तांबं झाकलं की झिजवणारी बाजूच लहान होते.

सिलिकॉन न्यूट्रल क्युअरचं घेतलंत. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन सुकताना ॲसिटिक आम्ल सोडतं, ते तांब्याला आणि जस्ताला दोघांनाही बाधतं. उतार मीटरला 3 ते 5 मिमी दिलात, म्हणजे पाणी साचत नाही. 10 मीटरची ॲल्युमिनियमची पन्हळ तापमानात 40 अंशांचा फरक पडला की जवळजवळ 10 मिमी लांबते, लोखंड जेमतेम 5. त्यासाठी एक टोक सरकतं ठेवलंत. नाहीतर ओढाताणीत बुश आणि पट्ट्याच फाटल्या असत्या. भोकं पाडल्यावर लोखंडाचा कीस त्याच दिवशी झाडून काढलात, नाहीतर तो पत्र्यावर तांबूस डाग पाडत बसतो.

आता कचरा काढताना जोडांवर पांढरी भुकटी दिसते का, ते बघत राहू. दिसली तर आधी तो बोल्ट सोडवून बुश तपासायचा, तुम्ही सांगितलंत तसंच.

आपले ऋणी,
घरातली सर्व मंडळी