जॅक्सन हाइट्समधील घराविषयी लेकीस पत्र

वडोदरा

चि. मनूस आईचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तू पाठवलेली भाड्याच्या तीन घरांची छायाचित्रे आणि दलालाचा मजकूर, दोन्ही नीट पाहिले. फोनवर तू "घेऊ की नको, एवढंच सांग" म्हणालीस, पण तुला ठाऊकच आहे की वकिलाच्या कचेरीत इतकी वर्षे लोकांचे भाडेकरार आणि गहाणखते वाचल्यामुळे कागद पाहिल्याखेरीज मला मत देता येत नाही. आता पाहिले आहेत, म्हणून लिहिते. वस्तीविषयी माझी हरकत नाही. घरांविषयी आहे, आणि ती प्रत्येक घराची वेगळी आहे.

आधी वस्तीचे. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातल्या जॅक्सन हाइट्सचे नाव काढल्यापासून आपल्याकडे ज्याला त्याला सल्ला देण्याची हुक्की आली आहे. समोरच्या बेनांचे भाऊ एडिसनला असतात, त्यामुळे त्यांच्या मते मुलीने न्यू जर्सीतच राहावे, तिथे देऊळ आहे, आपली माणसे आहेत, फार तर जर्सी सिटीत न्यूअर्क अव्हेन्यूच्या आसपास पाहावे. तुझ्या काकांनी तर नकाशा उघडून "इथे बांगलादेशी, इथे नेपाळी, इथे कोलंबियाचे" असे बोट ठेवून दाखवले, जणू काही तो आजाराच्या साथीचा नकाशा होता. या दोघांच्याही बोलण्यात काळजी आहे, ती मी नाकारत नाही. परंतु तुझे कार्यालय मिडटाउनमध्ये आहे आणि एडिसनहून रोज आगगाडीने जाऊन येऊन तुझे जवळजवळ दोन तास जातील, याचा विचार दोघांपैकी कोणीही केला नाही. रूझवेल्ट अव्हेन्यूच्या स्थानकावरून ई आणि एफ या जलद गाड्या तुला वीस-पंचवीस मिनिटांत पोहोचवतील. एकटीने राहणाऱ्या आणि संध्याकाळी उशिरा सुटणाऱ्या मुलीच्या बाबतीत शेजारी कोणत्या भाषेत बोलतात यापेक्षा स्थानक घरापासून किती पावलांवर आहे, हे मी आधी विचारीन.

त्या वस्तीचा इतिहास वाचला तेव्हा मला थोडी गंमत वाटली. १९१७ मध्ये उन्नत रेल्वे तिथवर पोहोचली आणि क्वीन्सबरो कॉर्पोरेशन नावाच्या कंपनीने शेतजमिनीवर मधोमध बाग असलेल्या इमारतींचे चौक उभारले. ते बांधले कोणासाठी, तर गोऱ्या, प्रॉटेस्टंट, मध्यमवर्गीय कुटुंबांसाठी. ज्यूंना आणि कृष्णवर्णीयांना तिथे घर मिळत नसे. अमेरिकेचा स्थलांतराचा कायदा १९६५ मध्ये बदलला, आणि पुढच्या काही दशकांत त्याच चौकांत भारतीय, कोलंबियन, इक्वेडोरियन, बांगलादेशी, नेपाळी आणि तिबेटी माणसे राहायला आली. ज्या भिंती माणसे बाहेर ठेवण्यासाठी बांधल्या, त्यांच्याच आत आज अर्धे जग भाड्याने राहते. १९९३ पासून वस्तीचा मोठा भाग वारसा म्हणून संरक्षितही आहे, त्यामुळे तू उद्या गेलीस तरी तुझ्या खिडकीसमोरची इमारत पाडून तिथे काचेचा मनोरा उभा राहण्याची भीती कमी.

आणि आपण तरी कोण? गायकवाडांच्या फौजेमागून कारकून, भिक्षुक, वैद्य आणि शिलेदार म्हणून आलेल्या कुटुंबांपैकीच आपले एक. तुझ्या पणजोबांच्या दांडिया बाजारातल्या वाड्यात मराठी आणि दाराबाहेर गुजराती, अशी ही दुहेरी वस्ती इतकी मुरली की आता आपण चहाला बोलावतानाही अर्धे वाक्य गुजरातीत बोलतो. इतके असूनही, तू लहान असताना आम्ही शहराच्या पश्चिमेकडे घर पाहायला गेलो होतो, तेव्हा एका सोसायटीच्या कारभाऱ्यांनी आडनाव ऐकल्यावर पहिला प्रश्न विचारला तो मासळीचा. तुझ्या बाबांनी खरे ते सांगितले, आणि दुसऱ्या दिवशी निरोप आला की जागा दुसऱ्याला दिली. पिढ्यान्‌पिढ्या इथे राहून ही गत. याच शहराने याहून फार मोठा अपराध करून ठेवला आहे. बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर १९१३ ते १९१६ या काळात तुझ्याच न्यूयॉर्कमध्ये, कोलंबिया विद्यापीठात शिकलेले बाबासाहेब आंबेडकर १९१७ मध्ये संस्थानाच्या नोकरीवर रुजू होण्यासाठी इथे आले, तेव्हा त्यांना जातीमुळे कोणी राहायला जागा देईना. पारशांच्या सराईत नाव बदलून राहावे लागले, आणि तिथूनही हातात काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी त्यांना बाहेर काढले. त्या दिवशी ते कमाटी बागेत बसून होते. ती जागा आता संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते आणि आपण तिथे किती वेळा गेलो आहोत. हे ठाऊक असलेल्या घरातून "अमक्यांच्या वस्तीत राहू नकोस" असा सल्ला मी तुला देऊ शकत नाही. न्यूयॉर्क शहराच्या कायद्यात वंश, धर्म, मूळ देश किंवा व्हिसाची स्थिती पाहून घर नाकारता येत नाही. कायदा असला म्हणजे तसे घडत नाही असे मुळीच नाही, परंतु निदान तक्रार कुठे करायची हे तरी ठरलेले आहे.

मात्र वस्तीचे गुणगान करून मी तुला तिथे ढकलते आहे, असेही समजू नकोस. रूझवेल्ट अव्हेन्यूवर सात नंबरची गाडी लोखंडी खांबांवरून रस्त्याच्या डोक्यावरून धावते, आणि ती रात्रभर चालते. त्या रस्त्याच्या काही भागांत रात्री उघडपणे देहविक्रय चालत असल्याच्या तक्रारी जुन्या आहेत आणि २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये तिथे पोलिसांची मोठी मोहीमही झाली. ही गोष्ट काकांनी सांगितली ती मात्र खरी आहे. तिचा अर्थ संपूर्ण वस्ती वाईट असा होत नाही. स्थानकातून बाहेर पडल्यावर घर उत्तरेला आहे की दक्षिणेला, वाटेवर दुकाने किती वाजेपर्यंत उघडी असतात आणि दोन चौक सोडले की दिवे कसे आहेत, एवढाच होतो. ते तू रविवारी दुपारी जाऊन कळणार नाही. कामाच्या दिवशी रात्री अकराच्या सुमारास मैत्रिणीला घेऊन ती वाट चालून पाहा.

आता घरे. सर्वांत स्वस्त म्हणून तू जे तिसरे सुचवले आहेस, ईस्ट एल्महर्स्टमधले तळघर, त्याविषयी चर्चाच नको. २०२१ च्या १ सप्टेंबरला आयडा वादळाच्या पावसात त्या शहरात १३ माणसे गेली, त्यांपैकी ११ तळघरांत राहणारी होती, आणि बहुतेक सगळी क्वीन्सची. अशी पुष्कळशी तळघरे राहण्यासाठी मंजूर नसतात, बाहेर पडायला दुसरी वाट नसते. २०२४ च्या ऑगस्टमध्ये इथे विश्वामित्री नदीचे पाणी पस्तीस फुटांवर गेले, तेव्हा समा भागातल्या तुझ्या मावशीच्या तळमजल्यावर काय झाले ते तू व्हिडिओवर पाहिलेस. मी ते घर पाणी ओसरल्यावर झाडले आहे. भिंतीवर स्विचबोर्डाच्या वर चार बोटे चिखलाची सरळ रेघ होती, आणि फ्रीज स्वयंपाकघरातून तरंगत येऊन देवघराच्या दाराला अडकला होता. ते तळमजल्याचे घर होते; जमिनीखालचे नव्हते.

उरलेल्या दोनांपैकी तुझे मन सदतीसाव्या अव्हेन्यूच्या उत्तरेकडच्या बागेच्या इमारतीत अडकले आहे, हे छायाचित्रांच्या संख्येवरूनच कळते. जागा सुंदर आहे यात वाद नाही. परंतु ती इमारत को-ऑप आहे, म्हणजे राहणाऱ्यांच्या मालकीची संस्था, आणि तुला घर देणारा माणूस त्या संस्थेचा एक भागधारक आहे. अशा संस्था बहुधा भागधारकाला जागा ठरावीक वर्षेच भाड्याने देऊ देतात, तुझी मुलाखत घेतात, वेगळे अर्जशुल्क लावतात आणि मुदत संपली की मालकाची कितीही इच्छा असली तरी तुला घर सोडावे लागते. आपल्याकडे अकरा महिन्यांचा करार करून नोंदणी टाळतात, त्यात भाडेकरूच्या पायाखाली जेवढी जमीन असते, तेवढीच इथे समज. मालकाला एवढेच विचार: संस्थेच्या नियमाप्रमाणे आणखी किती वर्षे भाड्याने देता येईल, आणि संस्थेची लेखी परवानगी आहे का?

दुसरे घर दिसायला साधे आहे, पण ती सहा मजली जुनी भाड्याची इमारत आहे, आणि मला तीच अधिक रुचते. १९७४ पूर्वी बांधलेल्या, सहा किंवा अधिक घरांच्या इमारतींतली पुष्कळ घरे तिथे रेंट स्टॅबिलाइज्ड असतात, म्हणजे भाडे किती टक्क्यांनी वाढवायचे ते दरवर्षी एक मंडळ ठरवते आणि भाडेकरूला एक किंवा दोन वर्षांच्या नूतनीकरणाचा हक्क असतो. तुझे घर त्यात आहे का, हे दलालाच्या तोंडी शब्दावर सोडू नकोस. करारासोबत त्याची स्वतंत्र पुरवणी जोडावी लागते, ती माग. राहायला गेल्यावर त्या घराच्या भाड्याचा जुना इतिहासही तुला राज्याच्या गृहनिर्माण खात्याकडून मागवता येतो. त्या घराच्या एका छायाचित्रात न्हाणीघराच्या छताला कोपऱ्यात पिवळसर वर्तुळ आहे, आणि त्यावर रंगाचा ताजा पांढरा हात फिरवलेला आहे, पण कडा झाकल्या गेलेल्या नाहीत. वरच्या मजल्यावरची नळी गळते, असे मला वाटते. शहराच्या संकेतस्थळावर इमारतीचा पत्ता घातला की तिच्यावरच्या तक्रारी आणि नियमभंग दिसतात. त्यांत 'सी' वर्गाच्या नोंदी तातडीच्या धोक्याच्या असतात, त्या आधी पाहा. गेल्या वर्षभरात इमारतीत ढेकूण निघाले होते का, हेही मालकाला लेखी सांगावे लागते. लाजू नकोस, विचार.

थंडीविषयी बाबांचा एक प्रश्न आहे, त्यांना दुसरे काही सुचत नाही. १ ऑक्टोबर ते ३१ मे या काळात, बाहेरचे तापमान ५५ फॅरनहाइटच्या खाली गेले की दिवसा घरात किमान ६८, आणि रात्री बाहेर काहीही असो, किमान ६२ अंश ठेवणे ही मालकाची जबाबदारी आहे. ६८ म्हणजे आपले २० सेल्सिअस. जुन्या इमारतींत याची दुसरी बाजू अशी की रेडिएटर भडकतो आणि लोक जानेवारीत खिडक्या उघडतात. खिडकी उघडते का, हे हाताने उघडून पाहा.

आता पैसे, कारण इथेच दलालाने तुला गोंधळात टाकलेले दिसते. "अमेरिकेत तुमचा पतइतिहास नाही, म्हणून तीन महिन्यांची अनामत द्या" असे त्याने लिहिले आहे. २०१९ च्या कायद्यानुसार न्यूयॉर्क राज्यात अनामत आणि आगाऊ मिळून एका महिन्याच्या भाड्याहून अधिक घेता येत नाही, आणि घर सोडल्यावर चौदा दिवसांत हिशेबासह ती परत करावी लागते. अर्जाचे आणि चौकशीचे मिळून वीस डॉलरच्या वर शुल्क नाही. आणि जून २०२५ पासून शहरात असाही नियम आहे की ज्याने दलाल नेमला त्यानेच दलाली द्यायची. हा दलाल मालकाचा आहे. त्याने जाहिरात दिली आणि तू ती पाहून फोन केलास. तेव्हा त्याची दलाली तुझ्या हिशेबात येतेच कशी, हे नम्रपणे पण लेखी विचार. मालकाला तुझ्या ऐपतीची खात्री हवी असेल तर जामीनदार मागण्याचा मार्ग त्याला मोकळा आहे. तिथे वार्षिक पगार मासिक भाड्याच्या चाळीस पट असावा अशी रीत आहे आणि जामीनदाराचा ऐंशी पट. तुझा पगार त्यात जेमतेम बसतो, म्हणून नेमणूकपत्र आणि बँकेचा उतारा आधीच तयार ठेव. आमचे इथले उत्पन्न तिथे कोणी धरणार नाही.

शेजाराविषयी तू विचारले नाहीस, तरी एक सांगते. चौऱ्याहत्तराव्या रस्त्यावर पटेल ब्रदर्स आहे, तिथे पोहे आणि तूरडाळ मिळेल, त्यामुळे तुझी सोय होईल हे खरे. पण किराण्यासाठी घर निवडायचे नसते. ज्या इमारतीत जाशील तिथे खाली नावाच्या पाट्यांजवळ दोन मिनिटे उभी राहा आणि येणाऱ्या-जाणाऱ्या एखाद्या बाईला विचार की मालक फोन उचलतो का. ती बोगोटाची असो की सिल्हेटची, या प्रश्नाचे उत्तर ती खरे देईल.

सहा मजली इमारतीचा कराराचा मसुदा पुरवण्यांसकट मागवून मला पाठव, सही आणि पैसे दोन्ही तोवर थांबव. रोख मुळीच देऊ नकोस, आणि घर आतून पाहिल्याशिवाय एक डॉलरही नको. न्हाणीघराच्या छताची दुरुस्ती ताबा देण्यापूर्वी करून देऊ, असे वाक्य मसुद्यात घालायला सांग. त्याला मालक तयार झाला आणि स्टॅबिलाइज्डची पुरवणी निघाली, तर माझा होकार समज. पुरवणी नाही निघाली तर बागेच्या घराच्या मालकाला ती दोन प्रश्नांची चिठ्ठी पाठव, आणि त्याचे उत्तर आले की मला कळव.

बाबांचे आशीर्वाद. तब्येतीस जप.

तुझी,
आई